गुंडप्पाचं टोपडं

बाळाची खोली लावताना आधी काय ठेवायचं नाही ते ठरवावं, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते. उशी नको. मऊ गादी नको. खाटेभोवती लावायच्या कापडी झालरी तर नकोतच, मग त्यावर कितीही गोंडस ससे छापलेले असोत. खाट खिडकीजवळ नको, पडद्याच्या दोऱ्या लोंबत्या नकोत. खाटेच्या गजांमधून माझी मूठ आत गेली, तर ती खाट मी दुकानात ठेवत नाही. होटगी रस्त्यावर माझं फर्निचरचं दुकान आहे आणि लहान मुलांच्या खोल्या हे माझं खास काम. जिला स्वतःचं मूल नाही तिनं हे शिकवावं याची काही जणींना गंमत वाटते, ते मला त्यांच्या तोंडावर दिसतं. माझं लग्न मोडलं आणि मला मूल झालं नाही. या दोन गोष्टी लोक नेहमी उलट्या क्रमानं सांगतात आणि मधे एक ‘म्हणून’ घालतात.

शिवराज माझा धाकटा भाऊ. त्याची बायको उत्कर्षा बार्शीची, बँकेत नोकरीला. तिला दिवस गेले तेव्हा तिनं पहिला फोन तिच्या आईला केला आणि दुसरा मला.

“अक्का, बाळाची खोली तुम्हीच लावायची हं. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.”

मी हो म्हटलं, अभिनंदन केलं, काय खावंसं वाटतंय ते विचारलं. मला हेवा वाटला का? वाटला. लपवायचं कशाला. फोन ठेवल्यावर मी दुकानातल्या एका पाळण्याला असा धक्का दिला की तो भिंतीवर जाऊन आपटला, आणि त्याच्या पॉलिशचा टवका उडाला.

पण काम मी मन लावून केलं. जुळे सोलापुरात त्यांचा फ्लॅट, खोली पश्चिमेची. दुपारी तीननंतर तिथली भिंत हाताला चटका देते. म्हणून खाट आतल्या भिंतीला घेतली. सागवानी खाट, कडा घासून गोल केलेल्या, गादी अशी कडक की वर वाटी ठेवली तरी खड्डा पडू नये. आईला बसून पाजता येईल अशी रुंद हातांची खुर्ची. कोपऱ्यात कपड्यांसाठी खणांचं कपाट. मूल उभं राहायला लागलं की खण ओढतं, खणावर चढतं आणि कपाट अंगावर येतं. त्यामुळे असं कपाट भिंतीला ठोकून घ्यायचं हा माझा नियम. इथं मात्र भिंत नव्या पद्धतीच्या पोकळ विटांची निघाली. ड्रिल लावलं की नुसती पिठी पडायची आणि स्क्रू हातानं बाहेर यायचा.

“मग आता?” शिवराज म्हणाला.

“मग सगळ्यात खालच्या खणात काहीतरी जड ठेवायचं. बूड जड असलं की कपाट पुढं येत नाही. बघते मी.”

मुलगी झाली. बारसं दणक्यात करायचं ठरलं. आमचं मूळ गाव वळसंग. आई तिथंच राहते, तिला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी बाळाला घालत नाहीत, वरवंटा घालतात. पाट्यावर चटणी वाटायचा साधा दगडी वरवंटा. त्याला न्हाऊ घालायचं, अंगडं-टोपडं चढवायचं, काजळानं डोळे काढायचे, गालाला तीट लावायची. त्याला गुंडप्पा म्हणतात. बायका त्याला पाळण्याच्या वरून खालून एकमेकींकडे देतात, हसतात, मग त्याला पाळण्यात निजवतात. लागायची ती नजर त्याला लागावी म्हणून. मग त्याला उचलून बाजूला ठेवायचं आणि खऱ्या बाळाला आत घालायचं. उत्कर्षाच्या घरी नुसता मिक्सर. त्यामुळे अव्वानं घरचा वरवंटा टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन आली.

टोपडी मी शिवली होती. अव्वाच्या जुन्या इरकलीच्या पदरातून, एकाच मापाची दोन. एक बाळाला, एक गुंडप्पाला.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी महिनाभर नावं काढत बसले होते. हॉलमध्ये शिरले तर पाळण्यामागं फुग्यांची कमान, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव लावून तयार. त्वीशा. अव्वाला ते उच्चारताच येईना, तिनं तिथल्या तिथं त्याचं चिमी केलं.

“अक्का, पटकन सांगा ना कानात, फोटोवाला थांबलाय,” उत्कर्षा म्हणाली. मनानं वाईट नाही ती. त्या दिवशी मात्र तिच्या हिरव्या साडीचा, भरल्या ओटीचा, घामानं चिकटलेल्या बटांचासुद्धा मला राग आला.

गुंडप्पाला पाळण्यातून उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि सगळ्या बाळाकडे वळल्या. मी एका बाजूला, दगड काखेत घेऊन उभी. एका हातात सहज मावत होता. कित्येक बायकांनी वाटून वाटून त्याची कंबर झिजली होती. काजळाचे डोळे जरा वाकडे निघाले होते आणि ते पाळण्याकडे लागले होते. मला ती नजर ओळखीची वाटली. शिवराज झाला तेव्हा मला अव्वाच्या मांडीवरून उतरवून चुलत्याच्या दारात नेऊन बसवलं होतं. पेढे त्याचे वाटले. पहिली मी होते, पण मोजणी त्याच्यापासून सुरू झाली. आपल्याला आधी निजवायचं ते नजर काढायला, आणि काम झालं की उचलून बाजूला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी टोपड्याची कड जरा वर केली आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. खूप वर्षं जपून ठेवलेलं नाव. कोणतं ते सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी अव्वा गावी निघाली. चपला घालताना मला म्हणाली, “प्रिया, गुंडप्पाची कापडं आजच्या आज काढ. न्हाऊ घाल त्याला, आन् वाईच शेंगा कूट त्यानं. मग त्यो परत दगुड हुतोय, सवडीनं गावाला आण. इसरू नको, काय?”

“व्हय अव्वा,” मी म्हटलं.

त्याचे कपडे काढायला मी बाळाच्या खोलीत बसलेसुद्धा. पण तो खुर्चीच्या गादीवर असा पडला होता की झोपलेल्याला उठवल्यासारखं वाटलं. आणि कपाटाला वजन हवंच होतं. मी एक मऊ दुपटं घडी करून सगळ्यात खालच्या खणात घातलं, त्यावर त्याला कुशीवर ठेवलं आणि खण लावला. कपाट ओढून बघितलं. जागचं हललं नाही. मला कामाचं समाधान वाटलं.

पहिली तक्रार आली ती वासाची. “अक्का, चिमीच्या खोलीत लसणाचा वास येतो हो. शेंगांच्या चटणीसारखा. मी तर पथ्याचं खातेय.” मी म्हटलं, खालच्या मजल्यावरचा असेल, खिडकी लाव.

मग गादीची. मी जाऊन बघितलं. बाळ गजांना चिकटून निजलं होतं, गालावर गजाचा वळ. बाकी सगळी खाट रिकामी, आणि तिच्या मधोमध एक खळगा. लांबट, मध्ये जरा निमुळता. मी त्यात तळहात ठेवला. कोमट होता. उन्हाळ्यात सोलापुरात सगळंच कोमट असतं. गादीच्या कारखानदाराला मी फोनवर चांगलं फैलावर घेतलं आणि दुसरी गादी मागवली. आठवडाभरात तिच्यातही त्याच जागी खळगा पडला.

“मी हिला मधोमध ठेवते,” उत्कर्षा म्हणाली. “प्रत्येक वेळी मधोमधच ठेवते. कुणीतरी सरकवल्यासारखी कडेला जाते.”

“या वयात सरकतात गं मुलं,” मी म्हटलं. खरं तर इतक्या लहान वयात सरकत नाहीत. मला ते माहीत होतं.

मग वजनाची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक. दूध पीत होती, शी-शू व्यवस्थित, वजन मात्र तिथंच. उत्कर्षाच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. बँकेतली ती टापटीप मुलगी दिवसभर गाऊनवर असायची, केस कसेतरी वर बांधलेले. मला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. ते होतं म्हणून सांगते.

त्याच सुमाराला शिवराजचा फोन आला. “अक्का, तुझ्या कपाटाचा खालचा खण बसलाय बघ. उघडत न्हाय नीट.”

माझ्या कपाटाचा खण बसत नाही. त्याला मी जी लोखंडी पट्टी लावते, तिच्यावर मोठा माणूस उभा राहिला तरी ती वाकत नाही. मी तावातावानं गेले. दोन्ही पट्ट्या खाली वाकल्या होत्या. खण ओढून काढला आणि गुंडप्पाला उचलायला हात घातला.

एका हातानं उचलेना.

दोन्ही हात घातले, तेव्हा तो वर आला. त्याच्या गालावरची तीट ओली होती. बोट लावलं तर काळं लागलं. उत्कर्षाला विचारलं, तुम्ही कुणी हा खण उघडता का? ती नाही म्हणाली. अव्वा तर बारशानंतर आलीच नव्हती. शेवटी उकाड्यानं काजळ पाझरलं असेल असं मी ठरवलं. जास्त जाडीच्या पट्ट्या लावल्या, त्याला परत दुपट्यावर ठेवलं. दुपटं चुरगळलेलं होतं, ते झटकून नीट पसरलं. टोपड्याचा बंद हनुवटीखाली काचत होता, तो जरा सैल केला. दगडाला कुठली हनुवटी, पण त्या वेळी मी तोच शब्द मनात म्हटला.

त्यानंतर मी रोज जायला लागले. चिमीला बघायला, असं सगळ्यांना वाटायचं. शिवराज म्हणायचा, “अक्काला किती लळा लागलाय बघ.” चिमीला मी घ्यायचे, तिच्याशी बोलायचे. पण उत्कर्षानं हात पुढं केले की ती पोर माझ्या खांद्यावर अशी वळवळायची की माझी साडी ओढली जायची. मग त्या दोघी खुर्चीत बसायच्या. मी निवडलेल्या खुर्चीत. मी कपाटाजवळ खाली फरशीवर बसायचे, पाठ खालच्या खणाला लावून. पाठीला ऊब लागायची. कधीतरी आतून बारीक खरखर यायची, दगड लाकडावर सरकल्यासारखी. चिमी दूध पिता पिता थांबायची आणि माझ्या पाठीमागं बघायची.

अव्वा आली ती ज्येष्ठात. चिमीला मांडीवर घेताच तिचं तोंड उतरलं.

“ही बारशाच्या येळंला हुती त्याच्यापेक्षा हलकी झालीया की गं!”

“डॉक्टर म्हणतात होईल हळूहळू,” उत्कर्षा म्हणाली आणि रडायलाच लागली.

अव्वानं खोलीत सगळीकडे नजर फिरवली. नाक वर करून वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. “प्रिया, वरवंटा कुटं हाय?”

“आहे ना. दुकानात.” मी पटकन खोटं बोलले. का बोलले ते मलाही त्या क्षणी कळलं नाही. फक्त तो त्यांच्या हातात जाऊ नये, एवढंच वाटलं.

अव्वानं चिमीला खाटेत निजवलं. उत्कर्षाला घेऊन स्वयंपाकघरात गेली, डोक्याला तेल लावून देते म्हणाली. बाळ खाटेत होतं, मधोमध. मी हात धुवायला बाथरूममध्ये गेले. नळाला धार बारीक होती, जरा वेळ लागला. बाहेर आले तेव्हा चिमी रडत होती.

खालचा खण उघडा होता.

दुपटं तिथंच होतं. मधे खळगा.

मी खाटेकडे बघितलं. चिमी गजांना चिकटलेली, एक हात गजांतून बाहेर, तोंड लालबुंद. आणि मधोमध गुंडप्पा. पाठीवर. काजळाचे डोळे वर, माझ्याकडे.

चिमीचा आवाज बसत चालला होता. श्वास अडकत होता.

मी वाकले. दोन्ही हात आत घातले.

आणि त्याला उचललं.

छातीशी घेतलं. जड होता, फार जड, पण उचलला. त्याचं डोकं खांद्यावर टेकवलं, पाठीवर हात फिरवला. “नाही हं, नाही. मी आहे,” असं म्हटलं.

दारात उत्कर्षा उभी होती. केसांतून तेल ओघळत होतं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग खाटेत रडणाऱ्या तिच्या मुलीकडे. धावत आली आणि चिमीला उचलून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. माझ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

“अक्का,” ती म्हणाली, “तुम्ही आधी त्याला उचललंत.”



अव्वा मागून आली. तिनं टोपडं बघितलं, अंगडं बघितलं. “न्हाऊ न्हाय घातलंस,” ती म्हणाली. “कापडंबी न्हाय काढलीस.” आवाज चढला नाही तिचा. “नाव ठिवलंस का काय?”

मी त्याच्या टोपड्याची कड सारखी केली.

“ठिवलंस,” अव्वा म्हणाली आणि खुर्चीत बसली. पदरानं गळा पुसला. मग म्हणाली, “आत्ताच्या आत्ता वळसंगला जा. तूच ने, दुसऱ्याच्या हातनं न्हाय व्हायचं ते. पाट्यावर ठिव, कापडं उतरव, डोईवरनं पाणी घाल आन् लसूण-मीठ घालून शेंगा वाट. चांगल्या दाबून वाट. ती चटणी हितं आण, चिमीच्या आईनं खाल्ली की मिटलं. पोरीच्या जिवाचा सवाल हाय, प्रिया. कळलं?”

“कळलं,” मी म्हटलं. आणि खरंच कळलं होतं.

गाडीत मी त्याला शेजारच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. अक्कलकोट रस्त्याला लागले. ऊन रणरणत होतं, शेतं नांगरून पडली होती, माणूस दिसत नव्हतं. वळसंगचं आमचं घर बंद होतं. मी कुलूप काढलं, पडवीतला पाटा धुतला, शेंगदाणे, लसूण, लाल तिखट काढून ठेवलं. गुंडप्पाला पाट्यावर निजवलं आणि टोपड्याच्या बंदाला हात घातला.

बंद सुटेना. ओढला तर त्याच्या गळ्याशी रुतला.

हनुवटीखाली त्याची कातडी, म्हणजे दगड, ओलसर लागला. मी वाकून बघितलं. काजळाच्या डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा होत्या. पाटा मी आत्ताच धुतला होता, पाण्याचे शिंतोडे उडाले असतील. अव्वाच्या घराला ओलही आहे. त्याच्या पोटाखाली लसूण भरडायचा, त्याला दाबून घासायचं, आणि मग तो कुणाचाच नाही. तिकडे उत्कर्षा चटणीचं बोट चाटणार आणि तिचं सगळं तिला परत मिळणार. तिला सगळंच मिळतं.

मी त्याला उचललं. घराला कुलूप लावलं.

चटणी मी माझ्या घरी मिक्सरमध्ये केली. संध्याकाळी डबा घेऊन गेले तेव्हा उत्कर्षानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्याच बोटानं खाल्ली. तिखटानं आणि रडण्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. “अक्का, दुपारी मी वेडंवाकडं बोलले. माफ करा.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

अव्वानं चिमूटभर तोंडात घातली. चघळत राहिली.

“लसूण लई बारीक झालाय,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी डब्याचं झाकण शोधत होते.

आता पाऊसकाळ सरत आलाय. चिमीच्या खोलीत वास येत नाही, खळगाही पडत नाही, असं शिवराज सांगतो. मी तिकडे कमी जाते, वळसंगला तर जातच नाही. दुकानातली एक खाट मी घरी आणली. पॉलिशचा टवका उडालेल्या त्या पाळण्याशेजारची. गज जवळजवळ, कडा गोल. गादी कडक. उशी नाही, झालर नाही. कपाट इथं भिंतीला पक्कं ठोकलंय.

आज सकाळी उत्कर्षाचा फोन आला. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न करत होती. “अक्का, गंमत ऐका. कपाट आवरताना बारशाचं टोपडं सापडलं. तुम्ही इरकलीचं शिवलेलं. सहज घालून बघितलं तर चिमीला बसलं की हो अजून. सैलच होतंय थोडं.” मग तिचं हसू गेलं. “अक्का, आता सहा महिन्यांची होईल ती. असं कसं?”

“इरकल आहे गं,” मी म्हटलं. “धुतल्यावर सैल पडते.”

फोन ठेवला. आतल्या खोलीत खाट करकरली. माझ्या मांडीवर दुसरं टोपडं होतं, त्याच पदराचं, त्याच मापाचं. कालच त्याचा बंद तुटला आणि शिवण मागून उसवली. आता नवं शिवतेय. बेतताना दोन बोटं जास्तच धरलं. वाढतं अंग आहे.